भाकरी थापताना ऐकलेली हारू

काकू, आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहायचा अधिकार खरं तर माझा नाही. तो तुमच्या लेकीचा आहे, काकांचा आहे, तुमच्या उदगीरकडच्या गोतावळ्याचा आहे. मी कोण? लातूरला शिकायला आलेल्या आणि तुमच्या मेसमध्ये दोन वर्षं जेवून गेलेल्या पोरांपैकी एक. असली पोरं दरवर्षी येतात आणि दरवर्षी जातात. त्यांतल्या एकानं उठून स्मृतिलेख लिहावा, हे मला स्वतःलाच आगाऊपणाचं वाटतंय.

शिवाय आमच्या घरात असं काही लिहायची रीत नाही. माणूस गेलं की बाया रडतात, बापे ओट्यावर गप्प बसतात, कुणीतरी चहा आणतं. गेलेल्या माणसाशी कागदावर बोलायचं असतं, हे मला कॉलेजात आल्यावर समजलं. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळं कुणाला विचारावं हेही कळेना. दोनदा लिहून फाडलं. पहिल्यांदा फार मोठे शब्द आले होते, ते तुम्हाला आवडले नसते.

आणि आणखी एक माफी यासाठी की या लेखात एका कार्टूनबद्दल बरंच येणार आहे. मरणाच्या लेखात कार्टून कशाला, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण तुमच्याबद्दल लिहायचं आणि हारूबद्दल नाही लिहायचं, हे मला जमत नाही.

तुम्ही पोरांना नावानं कधी हाक मारली नाही. ज्याचा जो तालुका, तेच त्याचं नाव. "ए धर्माबाद, ताट उचल." "किनवट, अजून एक भाकर घे, वाळलास." मी हिमायतनगर. पहिल्या दिवशी मला वाटलं, तुम्ही आमच्या गावाला ओळखता. नंतर कळलं की तुम्ही हिमायतनगर कधी पाहिलंच नव्हतं, रेल्वेनं जाताना लागतं एवढंच ऐकून होता. तरी त्या नावानं हाक आली की मला वर्गात वाटायचं नाही तेवढं बरं वाटायचं. वर्गात मी "हाय" म्हटलं, "न्हाई" म्हटलं की मागची पोरं हसायची. म्हणून मी वर्गात बोलायचंच सोडून दिलं होतं.

वाचणाऱ्यांसाठी मेसची रचना सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पुढं जेवायची खोली, मागं स्वयंपाकघर, मधल्या भिंतीत ताटं सरकवायची लहान खिडकी. टीव्ही त्याच भिंतीवर, खिडकीच्या बरोबर वर लावलेला. म्हणजे जेवणाऱ्याला चित्र दिसायचं आणि तुम्हाला, भिंतीच्या पलीकडं चुलीपुढं उभ्या असलेल्या बाईला, नुसता आवाज यायचा.

संध्याकाळी आमची जेवायची वेळ आणि त्या मालिकेची वेळ एकच. जपानी मालिका, हिंदीत बोलणारी. हारू नावाची मुलगी, घंटा ओतणाऱ्या कारागिराची लेक. तिचा भाऊ डोंगरापलीकडं कामाला जातो तो परत येत नाही, आणि ती त्याला शोधायला निघते. सोबत एक बढाईखोर सारस पक्षी. दर भागात एक नवं गाव, नवी माणसं, आणि भाऊ तिथून नुकताच पुढं गेलेला.

गल्ल्यावर बसलेले काका रोज कुरकुर करायचे. "इवढाली पोरं, उद्या डाक्टर होनार, अन् कार्टून बघून राहिली. बातम्या लावा रे."

आतून तुमचा आवाज यायचा, "बातम्या काय पळून चालल्या? पोरगी तिकडं डोंगरात एकली हाय, तिला आधी पोचू द्या."

"ती पोचती काय? दोन साल झाले चालूनच राहिली."

"तुम्हाला किराणा आणायला सांगितला तर तुम्ही बी कुठं पोचता?"

आम्ही ताटात तोंड घालून हसायचो. काका रिमोट खाली ठेवायचे.

तुमच्या भाकरी थापण्याचा एक आवाज होता, तो मालिकेच्या खालून सतत चालू असायचा. महत्त्वाचं काही आलं की तो थांबायचा. आम्ही टीव्हीकडं न बघताही ओळखायचो की आता काहीतरी होणार, कारण आत परात गप्प झाली आहे. लढाईचा भाग असला की भाकरी करपायच्या. धर्माबादचा साईनाथ, माझा खोलीतला जोडीदार, काळी पडलेली भाकरी वर धरून विचारायचा, "काकू, आज कोन मेलं?" तुम्ही म्हणायच्या, "गप खा. ती राक्षसिनीच्या तावडीत होती, मी भाकर बघू का तिला बघू?"

तुम्ही "बघू" म्हणायच्या. पण तुम्ही तिला कधी पाहिलंच नव्हतं.

मला खिडकीजवळची जागा मिळाली ती अशीच. मी सावकाश जेवतो, बाकीची पोरं अभ्यासाला पळायची, मी खिडकीखालच्या बाकावर रेंगाळायचो. एकदा पडद्यावर बराच वेळ कुणी बोलेना. नुसतं बासरीसारखं काहीतरी वाजत होतं. खिडकीतून पिठाचा हात आला आणि माझ्या खांद्यावर टेकला.

"काय चाललंय रे? बोलंनात का?"

"चालतीय ती," मी म्हटलं.

"चालतीय ते कळलं. कशी चालती?"

मला सांगताच येईना. मी म्हटलं, "हळू."

"हळू म्हंजे दमून, का भिऊन, का पाय दुखून?"

मग मी नीट बघितलं. ती वाळलेल्या नदीच्या पात्रातून जात होती आणि प्रत्येक दगडावर पाय ठेवण्याआधी तो हलतो का बघत होती. मी तसं सांगितलं. तुम्ही थोडा वेळ ऐकत राहिलात आणि म्हणालात, "हां. असं सांग की."

त्या दिवसापासून मुकी दृश्यं माझ्याकडं आली. बोलणं टीव्हीचं, गप्प राहणं माझं. "धुकं आहे" म्हटलं की तुम्ही विचारणार, "माळावर सकाळी असतंय तसलं, का चुलीच्या धुरावानी?" "आकाश लाल आहे" म्हटलं की "कुंकवासारखं का विटेसारखं?" मी चुकायचो, दुरुस्त करायचो. वर्गात तोंड न उघडणारा मी तिथं वरणभात गार होईपर्यंत बोलत राहायचो, आणि तेही आमच्या घरच्या बोलीत, कारण तिथं कुणी हसणारं नव्हतं. आज मी नांदेडला बी.ए. करतोय, मराठी घेऊन. सर कधी म्हणतात, तुला वर्णन बरं जमतं. मी मान खाली घालतो. खिडकीची गोष्ट त्यांना कशी सांगायची ते मला अजून सुचलेलं नाही.

एकदा आम्ही पोरांनी हट्टच धरला, काकू, बाहेर या, एकदा हारूला बघा तरी. तुम्ही हात पुसत आलात. पडद्यावर हारू अगदी जवळून दिसत होती. आखूड केस, निळसर, आणि डोळे अर्ध्या तोंडाएवढे. तुम्ही पदर तोंडावर धरलात.

"यप्पा! ही? पोरीला काही आजार हाय का रे? डोळे बगा केवढाले!"

"काकू, जपानी चित्रात असंच असतंय."

"नाक कुठं गेलं मग तिचं?"

सगळी मेस हसली. तुम्हीही हसलात, पण तिथं थांबला नाहीत. आत जाता जाता म्हणालात, "माझी निराळी हाय. लांब वेणी हाय तिची, तेल लावलेली. सावळी हाय." आणि पुन्हा कधी बघायला बाहेर आला नाहीत. मला तेव्हा ते मजेशीर वाटलं होतं. आता वाटतं, पडद्यावरचं चित्र जपानच्या कुणीतरी काढलं होतं, तर हिंदी आवाजावरून तुम्ही आणखी एक हारू काढली होती. ती कुणालाच दिसली नाही. ती तुमच्याबरोबर गेली.

मग तो आवाज बदलला.

नवा हंगाम सुरू झाला आणि हारू दुसऱ्याच बाईच्या आवाजात बोलू लागली. आम्हाला पहिल्या दिवशी जाणवलंही नाही, आमच्यापुढं तेच केस आणि तेच डोळे होते. आतली थापाथापी मात्र बंद पडली. तुम्ही खिडकीत तोंड घालून म्हणालात, "ही ती न्हाई."

"तीच आहे, काकू."

"न्हाई. ही दुसरी कुनीतरी हारू बनून आलीय. सारसाला कळलं न्हाई अजून. बग तू, पकडली जाईल."

आणि तुम्ही वाट बघत राहिलात. रोज जेवण वाढताना नवीन पुरावा. "आज भावाचं नाव घेतलं, पर कसं घेतलं बग, परक्यासारखं." "आज रडली, पर नुसतं नाकातून." तोतया हारू पकडली जाईल आणि खरी कुठंतरी कैदेत असेल ती सुटेल, असं अख्खं कथानक तुम्ही आत उभं केलं होतं. साईनाथला ते इतकं आवडलं की तो म्हणाला, खऱ्या मालिकेपेक्षा काकूची बरी आहे, सांगायचं कशाला? पण मला राहवलं नाही. मी समजावलं की काकू, जपानहून चित्र येतं, त्याला मुंबईत कुणीतरी बसून हिंदी आवाज देतं. आवाज देणारी बाई बदलली, एवढंच.

तुम्ही पुढची भाकरी थापायला घेतलीत. मला वाटलं, तुमची फजिती झाली म्हणून वाईट वाटलं असेल. पण तुम्ही विचारलं, "मग ती कुठं गेली?"

"कोण?"

"पहिली बोलणारी. लगीन झालं असंल का तिचं? सासरच्यांनी बंद केलं असंल?"

"माहीत नाही, काकू."

"नाव काय तिचं?"

मला नाव माहीत नव्हतं. शेवटी नावं यायची ती जपानीत आणि इंग्रजीत भर्रकन निघून जायची, त्यात हिंदी बोलणाऱ्यांची होती की नाही तेही दिसायचं नाही. मी मोबाइलवर शोधलं, सापडलं नाही. तुम्ही म्हणालात, "रोज घरात येऊन बोलून जात होती, अन् नाव बी न्हाई." मग काही दिवसांनी तुम्ही नव्या आवाजालाही हारू म्हणायला लागलात. पण पहिलीची चौकशी सोडली नाहीत.

आपला मोठा वाद त्यानंतरचा. तो अजून मिटलेला नाही आणि आता एकट्यानं मिटवता येत नाही.

बारावीच्या वर्षी मी मोबाइलवर मूळ जपानीतली हारू बघू लागलो, खाली इंग्रजी अक्षरं वाचत. त्यानं माझं इंग्रजी थोडं सुधारलं आणि गर्व जास्त वाढला. मी तुम्हाला ऐकवलं की टीव्हीवरचं ते खरं नाही, खरं हे. तुमचे हात पिठात होते म्हणून मी फोन तुमच्या कानाला धरला. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत.

"ही हसून राहिली का रडून?"

"रडतीय."

"मंग आपल्यासारखीच रडती की." तुम्ही मान हलवलीत. "रडनं तिचं तसंच ठेवावं, बोलनं तेवढं आपलं करावं. त्यात खरं खोटं काय आलं?"

मी तेव्हा पाठ केल्यासारखं बोललो. म्हटलं, काकू, टीव्हीवरचं हे आता थोड्या दिवसांचंच आहे. पोरं सगळी मोबाइलवर बघतात, कानात घालून. नवीन सगळं तिकडंच येतंय. वाहिन्या तर जुनी कार्टूनं फिरवून फिरवून दाखवतात. ज्याला खरं आवडतं तो अक्षरं वाचून बघतो.

"अन् जो भाकरी करतोय त्यानं?"

"काय?"

"वाचायचं तर डोळे तिथं पायजेत. डोळे तिथं ठेवले तर तव्यावर काय ठेवू, हात?" तुम्ही पलटलेली भाकरी फुगत होती, तिच्याकडं बघतच बोलत होतात. "सांग की, हिमायतनगर. शाना हाय ना तू."

मी म्हटलं, फुरसतीत बघायचं. सगळी मेस हसली, मलाच. तुम्हाला फुरसत!

साईनाथनं मध्ये तोंड घातलं. "काकू, चिंता नको. आता मशीन आलंय. ते आपोआप आवाज देनार. हिंदीत काय, तेलुगूत काय, आपल्या लातुरी मराठीत बी बोलंल."

"अन् भूक लागली म्हनायचं असंल तवा? मशीनला भूक लागती का रे?"

"त्याला काय करायचंय? म्हनलं म्हंजे झालं."

"मंग तू म्हन. जेवल्यावर म्हन भूक लागली. बघू कसं म्हनतोस."

साईनाथनं पोटावर हात ठेवून प्रयत्न केला. तुम्ही खिडकीतूनच निकाल दिलात, "नापास."

काकू, मी हा वाद नांदेडला आल्यावरही मनात चालू ठेवला. इथं वर्गात भाषेच्या भवितव्यावर बोलतात तेव्हा मोठमोठ्या गोष्टी निघतात, साहित्य, ज्ञान, शासन. मला प्रत्येक वेळी तुमचा तवा आठवतो. माझी आई कापूस वेचते, लातूरच्या आमच्या घरमालकीणबाई कपडे शिवतात, बसस्टँडवरचा माणूस दिवसभर ऊस चरकात घालतो. यांचे कान मोकळे असतात आणि डोळे कामात. त्यांच्यापर्यंत जगातली गोष्ट पोहोचायची तर कुणीतरी ती त्यांच्या भाषेत मोठ्यानं बोलावी लागेल. एकेकाच्या कानात नाही, खोलीत. हे मला तेव्हा तुम्हाला म्हणता आलं नाही. तुम्ही जिंकलात असंही मी म्हणणार नाही, कारण जपानी हारूचं रडणं मला अजूनही जास्त आवडतं आणि टीव्हीची खोली खरंच रिकामी होत चालली आहे, हेही मी बघतोय. हॉस्टेलवर टीव्ही आहे. त्यावर क्रिकेट असलं तरच पोरं जमतात.

आणि मग तेच झालं. एका संध्याकाळी हारूच्या वेळेला दुसरंच कुठलंतरी कार्टून लागलं, गाड्यांचं. दुसऱ्या दिवशीही तेच. तुम्ही आतून विचारलंत, "लाइट गेली होती का काल?" आम्ही मोबाइलवर पाहिलं. मालिकेचे पुढचे भाग आले होते, अगदी शेवटपर्यंत, पण फक्त मोबाइलवर आणि फक्त जपानीत. हिंदी तिथंच तुटली होती. हारू एका पुलाच्या अलीकडं उभी होती आणि पलीकडून कुणीतरी येत होतं, तिथं.

मी शेवट पाहिला. तुम्हाला सांगायला धावत आलो. तुम्ही परातीतून हात उचलून माझ्याकडं रोखलात.

"बोलू नको."

"काकू, पण आता टीव्हीवर नाही येणार ते."

"न्हाई आलं तर न्हाई. तू सांगितलं की त्ये तू सांगितलेलं होईल. मला तिच्या तोंडून पायजे. इतकी चालली ती, शेवटचं बोलनं तिचं तिनं बोलावं."

तुमची एवढीच मागणी होती, काकू. आयुष्यात तुम्ही काय काय सोडून दिलं असेल मला माहीत नाही, तुम्ही कधी सांगितलं नाही. पण ही एक गोष्ट तुम्ही सोडायला तयार नव्हता. "त्यांना विचार कवा दावनार," असं तुम्ही मला सांगितलंत, जसं पाण्याच्या टँकरवाल्याला विचारायला सांगावं. मी वाहिनीला लिहिलं. आधी हिंदीत, मग चुकतमाकत इंग्रजीत. साईनाथनंही लिहिलं. यंत्रानं पाठवलेले आभार आले, उत्तर आलं नाही. तुम्ही रोज ताट सरकवताना विचारायच्या, "आलं का?" मी मान हलवायचो. तुम्ही भाकरी जरा जोरात टाकायच्या, जशी काही मीच ती वाहिनी.

निकाल लागला आणि मला वैद्यकीयचे मार्क पडले नाहीत. घरी फोन करायच्या आधी मी मेसमध्ये आलो. दुपार होती, जेवणारं कुणी नव्हतं. मी खिडकीखाली बसलो. तुम्ही आतून विचारलं नाहीत की किती पडले. बऱ्याच वेळानं म्हणालात, "आज काय दिसतंय रे?" टीव्ही तर बंद होता. मला आधी कळेना. मग मी सांगत गेलो. बाप बांधावर बसलेला असेल, फोन खिशात असेल, त्याला पायजम्याला पुसून तो उचलेल. आई लांबूनच त्याच्या तोंडाकडं बघेल. तुम्ही ऐकून घेतलंत. म्हणालात, "येवढं दिसतंय तुला, तर दुसरं बी काही दिसंल. जा, कर फोन." धन्यवाद म्हणायची आपल्याकडं सवय नाही. मी उठून फोन करायला गेलो.

नांदेडला आलो तरी लातूरला काही काम निघालं की मी मेसला यायचो. प्रत्येक वेळी आधी "जेवलास का" आणि मग "आलं का". गेल्या खेपेला तुम्ही मेसमध्ये नव्हता. काकांनी दवाखान्याचं नाव सांगितलं.

तुम्ही पडून होता. हात पांघरुणावर, रिकामे. तुमचे हात रिकामे मी पहिल्यांदाच बघत होतो, त्यामुळं मला कुठं बघावं कळेना. तुमची लेक स्टुलावरून उठली, मला बसवलं. तुम्ही विचारलंत, "आलं का?"

मी नाही म्हटलं. लेकीला काही कळलं नाही, तिला वाटलं कसलातरी रिपोर्ट.

मग तुम्हीच तोड काढलीत. म्हणालात, "बोलन्याचं सांगू नको. पर मधी कुठं मुकं असंल काही, तर तेवढं तुझंच हाय. तेवढं सांग."

मी आठवलं. शेवटच्या भागांत एक जागा होती, शेवट कळू न देणारी. हारू पूल ओलांडून एका बर्फाच्या गावात येते. कुणी दिसत नाही. मी सांगितलं, काकू, बर्फ पडतोय, सरकी काढलेल्या कापसासारखा, पण आवाज नाही. ती एका ओसरीवर चढते, पायातलं काढते, उलटं करून झाडते. आत दिवा आहे. ती दाराला हात लावत नाही. आधी आपले केस नीट करते.

"वेणी," तुम्ही डोळे मिटून म्हणालात.

"हां, काकू. वेणी नीट करते."

"मंग?"

"मग बोलणं सुरू होतं."

"बास," तुम्ही म्हणालात. "तिथंच ऱ्हाऊ दे."

मी निघालो तेव्हा तुम्हाला झोप लागली होती. परत येतो म्हणालो, ते तुमच्या लेकीनं ऐकलं.

तुम्ही गेल्याचं साईनाथनं कळवलं. आम्ही दोघं उदगीरच्या पुढं तुमच्या गावी आलो. तुमच्या लिंगायतांत माणसाला बसवून नेतात हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडं आडवं नेतात. तुम्हाला ओट्यावर बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात फुलांचे हार, हातात तुमचं इष्टलिंग. लोक म्हणत होते, लिंगैक्य झाल्या. मी हार घेऊन पुढं आलो आणि थबकलो. दोन वर्षांत मी तुम्हाला कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. एकदाही नाही. सणाला नाही, तापात नाही. आम्ही बसायचो, तुम्ही उभ्या. मागून कुणीतरी म्हणालं, "चला, पुढं सरका," आणि मी हार ठेवून बाजूला झालो. मला रडू आलं ते त्या बसण्याचं आलं, काकू. मरणाचं नंतर आलं, परतीच्या गाडीत. साईनाथ खिडकीकडं तोंड करून बसला होता.

एवढं लिहून मी लेख संपवला होता. शेवटी असं लिहिलं होतं की टीव्हीवरच्या या परदेशी गोष्टींचं पुढं काय होईल ते मला माहीत नाही, आणि ज्यांना त्याची सगळ्यांत जास्त गरज आहे त्यांना कुणी विचारत नाही. ते वाक्य मला बरं वाटलं होतं. कॉलेजच्या अंकाला लेख द्यायचा होता.

काल संध्याकाळी काकांचा फोन आला. मी घाबरलो, कारण काका मला कधी फोन करत नाहीत. मागं मेसचा गोंगाट होता, भांडी, पोरं. आता आत दुसरी बाई भाकरी करते, असं ऐकलं होतं.

"हिमायतनगर का?"

"हो, काका. काय झालं?"

"काय न्हाई. जेवलास का?"

"नाही अजून."

काकांनी मागच्या पोरांना गप्प केलं. मग म्हणाले, "ते लागलंय. तिचं. ती पोरगी अन् तो बगळा."

"सारस," मी म्हटलं. मग विचारलं, "हिंदीत?"

"मराठीत हाय रे. समदे मराठीत बोलून राहिले. मी बातम्या लावाया गेलतो, अन् हे लागलं. म्हनलं, तुला सांगावं. तू विचारून राहिला होतास ना त्यांना."

"पूल आला का, काका? पुलाच्या पुढचं आहे का?"

"पूल? न्हाई. पहिल्यापासून लावलंय त्यांनी. आज नुसती घरून निघाली."